सहीसाठी बोलावलेली लेक

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. वय ६७. तासगाव तालुक्यात राहतो. चार एकर द्राक्षबाग आहे. त्यातली अडीच एकर वडिलोपार्जित, दीड एकर मी नोकरीत असताना घेतलेली. मुलगी मोठी, वय ३९, चिंचवडला असते. २००९ साली तिचं लग्न थाटात करून दिलं, बारा तोळे घातले. मुलगा इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आला, तोच बाग बघतो.

तीन वर्षांपूर्वी नातवाच्या जावळाला सगळे जमले होते. मला सगळी जमीन मुलाच्या नावावर करायची होती. वकील म्हणाले, वडिलोपार्जित आहे त्याला मुलीची हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा सही केलेला कागद, लागेल. म्हणून दुसऱ्या दिवशीची निबंधक कार्यालयातली वेळ मी घेऊन ठेवली आणि सकाळी चहाच्या वेळी तिला सांगितलं. ती म्हणाली, 'अण्णा, कागद आधी वाचायला द्या.' पाहुणे बसलेले होते. माझा तोल गेला. 'बारा तोळे घेताना वाचला होतास का कागद? तुझा काय संबंध राहिला आता या घराशी?' असं बोलून गेलो. ती दुपारच्या गाडीनं निघाली. माझ्या दोन्ही बहिणींनी एका शब्दावर सह्या दिल्या होत्या आणि माझी स्वतःची मुलगी कागद मागते, याचं वाईट वाटलं.

तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. आईला रोज फोन करते. ही फोन स्पीकरवर ठेवते, मी शेजारी बसून ऐकतो. नातीला पाचवीची शिष्यवृत्ती मिळाली, तेही असंच ऐकून कळलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची पोरं शिष्यवृत्तीला बसवली. मी बाप आहे. मीच आधी बोलायचं का? आणि बोललो तर ती सही करेल का? मसुदा अजून तसाच ठेवलाय."

गुरुजी, नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, आणि ते एकमेकांना चिकटून आलेत. मीच आधी बोलायचं का? हो, तुम्हीच. बोललो तर सही करेल का? याचं उत्तर मी देणार नाही. हे दोन प्रश्न तुमच्या मनात असे शेजारी शेजारी बसलेले आहेत तोवर तुम्ही चिंचवडला फोनही लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचा आवाज ऐकल्यावर पहिल्या मिनिटात ती एकच गोष्ट चाचपून बघेल, अण्णांना मी हवी आहे की माझी सही. तीन वर्षांपूर्वी तिला याचं उत्तर मिळालं होतं. भाच्याच्या जावळाला म्हणून ती पोराबाळांना घेऊन आली आणि सकाळी कळलं की तिच्या येण्याच्या दिवसावरून कचेरीतली वेळ ठरलेली होती. आमंत्रण खरंच जावळाचंच होतं, असं तुम्ही आज शपथेवर सांगितलंत तरी तिला ते पटणं अवघड आहे.

तिनं काय मागितलं होतं ते पुन्हा एकदा बघा. हिस्सा मागितला नव्हता. वाटणी मागितली नव्हती. नाहीसुद्धा म्हणाली नव्हती. कागद वाचायला मागितला होता. प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नका, हे तुम्ही वर्गात किती वेळा सांगितलं असेल! गुरुजींची मुलगी गुरुजींनी शिकवल्यासारखी वागली आणि गुरुजींनाच राग आला. त्या क्षणी जमलेल्या पाहुण्यांसमोर तुम्हाला आपला शब्द खाली पडल्यासारखा वाटला असणार. गावात मास्तरांचा शब्द खाली पडत नाही, हे मला कळतं. पण तिच्या बाजूनंही तेच पाहुणे बसलेले होते. त्यात तिचा नवरा होता, सासरची माणसं असतील, भावजयीच्या माहेरची असतील. त्यांच्यासमोर तिला तिच्या बापानं सांगितलं की तुझा या घराशी संबंध नाही.

जमिनीचं भांडण तीन वर्षं चालतं, हे मी खूप घरांत पाहिलंय. पण तुमच्या घरात जमिनीचं भांडण झालेलंच नाही. भांडायला तिनं तोंडच उघडलं नाही. जे तुटलंय ते त्या एका वाक्यानं. जोडायचं असेल तर तिथूनच सुरुवात करावी लागेल, सातबाऱ्यापासून नाही.

बारा तोळ्यांबद्दल. हा हिशेब आपल्याकडे घरोघरी मांडला जातो, म्हणून जरा थांबून बोलते. लग्नात घातलेलं सोनं हा जमिनीतला हिस्सा समजायचा, असं कुठल्याही कायद्यात नाही. आणि हिशेबच करायचा म्हटलं तर तो दोन्हीकडून करावा लागतो. मुलाच्या इंजिनिअरिंगची फी किती गेली, ते तुमच्या पत्रात नाही. 'अर्धवट सोडून आला' एवढ्या तीन शब्दांत ते प्रकरण संपलं. मुलीचे बारा तोळे मात्र तुम्हाला तोंडपाठ आहेत. मुलीला तुम्ही काय शिकवलंत, तेही पत्रात आलेलं नाही. मी आरोप करत नाहीये. ती मात्र हा हिशेब कधीतरी मांडेल, तेव्हा तुम्ही गोंधळून जाऊ नये म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्या वकिलांनी तुम्हाला 'हक्कसोड लागेल' एवढंच सांगितलेलं दिसतंय, का लागेल ते सांगितलेलं नाही. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क दिला. तेव्हा लग्न झालेलं नसलेल्या मुलींना तो लागू होता. तुमची लेक तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. पुढे केंद्राच्या कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्याच मुलींसाठी ही दुरुस्ती आली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तो हक्क जन्मापासूनचा असल्याचं पक्कं केलं. म्हणजे त्या अडीच एकरांत तिचा वाटा तुमच्या मुलाइतकाच आहे. तो तुम्ही तिला द्यायचा नाहीये, तो तिचा आहेच. दीड एकराची गोष्ट वेगळी. ती तुमच्या पगाराची, ती तुम्ही कुणालाही देऊ शकता, आजही आणि मृत्युपत्रानंही.

म्हणजे त्या सकाळी तुम्ही तिच्याकडे एक भेट मागत होता, आणि मागितली मात्र हक्काची वसुली केल्यासारखी. शिवाय घाईत, न वाचता, चारचौघांच्या दबावाखाली घेतलेली हक्कसोड नोंदवलेली असली तरी उद्या कोर्टात गेली तर वर्षानुवर्षं हेलपाटे. ते तुमच्या मुलालाच घालावे लागले असते. तिनं कागद मागितला हे तुमच्या मुलाच्याही भल्याचं झालं.

आता तुमच्या बहिणी. त्यांनी एका शब्दावर सह्या दिल्या, याचा तुम्हाला अभिमान आहे. त्यांना कधी विचारलंत का, की सही करताना मनात काय होतं? एकदा निवांत विचारा. कदाचित त्या मनापासून 'भावाला राहू दे' म्हणाल्या असतील. तशा बायका आहेत, खूप आहेत. पण दिवाळीला एक दार उघडं राहावं, सासरी काही बिनसलं तर चार दिवस जायला जागा असावी, नाहीतर भाऊ तोंड फिरवेल, एवढ्यासाठी सही करणाऱ्याही खूप आहेत. साडीचोळीवर बोळवण झाली तरी त्या हसतमुखानं परत जातात आणि आपल्या मुलीलाही तेच शिकवतात. तुमच्या बहिणी यातल्या कोणत्या, ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नसावं. त्यांचं उत्तर ऐकल्यावर मग चिंचवडचा विचार करा. हे काम मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण बहिणीकडून ऐकून घेणं बापाला लेकीकडून ऐकण्यापेक्षा सोपं जातं.

मुलाशी आधी बोलावं लागेल, हे फार महत्त्वाचं आहे. तो गेली कितीतरी वर्षं त्या बागेत राबतोय. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, अवकाळीत रात्ररात्र जागून केलेल्या फवारण्या, दर पडला की बेदाणा करायला शेडवर घातलेला माल. ताईचं नाव निघालं की त्याच्या पोटात गोळा येत असेल, आणि त्यात त्याला मी स्वार्थी म्हणणार नाही. त्याला काय सांगायचं? जे खरं आहे ते. 'मी तुझ्या ताईला भेटायला जातोय. जमिनीचं बोलायला नाही. मी तिला जे बोललो ते चुकीचं होतं. जमिनीचं आपण नंतर तिघं बसून बघू, तुझ्या कष्टाचा विचार त्यात असेल.' त्याला न सांगता गेलात, तर ती पुन्हा घरी येईल तेव्हा उंबरठ्यावर तिला भावाचं फुगलेलं तोंड दिसेल, आणि तुमची सगळी मेहनत वाया जाईल.

आता तो फोन. रोज स्पीकरवर तिचा आवाज ऐकता आणि गप्प बसता. तुम्ही तिथे आहात हे तिला माहीत आहे का? माझा अंदाज, माहीत असावं. आई फोन स्पीकरवर ठेवते हे मुलींना आवाजावरून कळतं. तरी ती नातीच्या शिष्यवृत्तीचं सांगते. शिष्यवृत्तीच्या बातमीवर त्या घरात सगळ्यात जास्त कोण खूश होईल, हे तिला कळत नसेल असं मला वाटत नाही. पण मी लांबून बोलतेय, यावर फार इमले बांधू नका. एक मात्र उद्यापासून करा. वहिनींना सांगा की फोन आला की आधी म्हणायचं, 'अण्णा शेजारी बसलेत हं.' चोरून ऐकणं थांबू दे. ती म्हणाली, 'स्पीकर बंद कर', तर उठून अंगणात जा आणि वहिनींवर चिडू नका. ती काहीच न बोलता पुढे सांगत राहिली, तर ते तुमच्यासाठी बरंच आहे. मध्येच तोंड घालून बोलायला मात्र लागू नका.

यानंतर पत्र लिहा. हातानं. तुमच्या पिढीच्या शिक्षकांचं अक्षर असतं तसं तुमचंही असणार, मला आलेल्या पाकिटावरून दिसतंच. व्हॉट्सॲपवर नको. तिथे सकाळच्या फुलांच्या फोटोंमध्ये ते हरवेल, शिवाय वाचल्याच्या निळ्या खुणा कधी होतात ते तुम्ही बघत बसाल. एक पान पुरे. काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण साधारण असं:

'चि. ... हिस, अनेक आशीर्वाद. जावळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांसमोर तुला बोललो की तुझा या घराशी काय संबंध. हे मी बोलायला नको होतं. तू कागद वाचायला मागितलास, ते बरोबर होतं. मी तुला आधी विचारायला हवं होतं, तेही केलं नाही. माझं चुकलं. तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. तू बरी असावीस. अण्णा.'

एवढंच. यात जमीन नाही, बँक नाही, भाऊ नाही, आईची तब्येत नाही. आईच्या तब्येतीचा उल्लेख करायचा मोह होईल, तो टाळा. आजारपण दाखवून लेकीला बोलावणं ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे आणि मुलींना ती पाठ झालेली असते. 'पण' हा शब्द पत्रात एकदाही येऊ देऊ नका. 'माझं चुकलं, पण तूही...' असं एक वाक्य गेलं की पत्र परत त्याच चहाच्या वेळेवर येऊन उभं राहतं. 'मी रागात होतो' हेही नको. राग होता हे तिनं पाहिलंय.

तुम्हाला वाटेल की एवढं खाली वाकायचं का. बाप आहे मी, असं तुम्ही लिहिलंय. बाप आहात म्हणूनच ते वाक्य इतकं लागलं, गुरुजी. हेच एखाद्या चुलत्यानं म्हटलं असतं तर ती गाडीत बसेपर्यंत विसरली असती.

जावयांना मध्ये घालू नका. आपल्याकडे सासऱ्याला जावयाशी बोलणं सोपं वाटतं, 'जरा समजवा तिला' म्हणता येतं. ते भले गृहस्थ असतील, तरी त्यांनी ऐकलेलं आहे की सासऱ्यानं त्यांच्या बायकोला काय म्हटलं. भावकीतल्या कुणाला मध्यस्थ नेमू नका. चार लोकांसमोर अपमान झाला म्हणून चार लोकांसमोर मिटवायचं, असा एक रिवाज आहे, पण तिला पुन्हा एकदा चार लोकांत बसवू नका. एक अपवाद करा: त्या दिवशी जे पाहुणे हजर होते, त्यांच्यातल्या कुणाजवळ विषय निघाला तर सरळ सांगा की त्या दिवशी माझं चुकलं होतं. हे फिरत फिरत तिच्या कानावर जाईल. गेलं नाही तरी बिघडत नाही.

पत्र पोचल्यावर काय होईल? कदाचित काहीच नाही. महिनाभर शांतता राहील. ती रोजच्यासारखी आईशी बोलेल आणि पत्राचं नाव काढणार नाही. तेव्हा 'मी लिहिलं तरी तिला किंमत नाही' असं वहिनींजवळ बोलू नका, ते त्याच संध्याकाळी चिंचवडला पोचेल. ती रागावून फोन करेल, असंही होऊ शकतं, आणि मला तर तेच जास्त बरं वाटेल. मग ती सगळं काढेल. आठवीतलं काढेल, कॉलेज निवडताना काय झालं ते काढेल, भावाला मोटारसायकल आणि तिला एसटीचा पास हे काढेल. तुम्हाला यातलं बरंचसं आठवणारही नाही. खरं-खोटं करत बसू नका. मुलगी बोलत असताना तुम्ही तपासनीस नाही. 'हे मला माहीत नव्हतं' हे वाक्य तेवढं वापरायची परवानगी आहे, तेही खरंच माहीत नसेल तरच.

तिनं 'या' म्हटलं, किंवा निदान 'येऊ नका' म्हटलं नाही, तर जा. एकटे जा. मुलाला गाडी चालवायला नेऊ नका. तासगावहून एसटी आहे, पुण्यात उतरून रिक्षा मिळते. तिच्या घरी पहिल्या वेळी दोन-तीन तास बसा, जेवून निघा. ती राहा म्हणाली तर राहा, तुम्ही होऊन मुक्कामाचं काढू नका. नेताना बागेतले बेदाणे न्या, ते ती लहानपणापासून खात आलीय. सोनं, साडी, पाकीट नको, कारण त्याचा पुन्हा हिशेब होईल. नातीला शिष्यवृत्तीचा पेपर कसा गेला ते विचारा, गणिताचं एखादं कोडं घाला. तिथे तुम्हाला काही शिकवायची गरज नाही.

आणि जमीन? पहिल्या भेटीत नाही, दुसऱ्या भेटीतही नाही. ती स्वतः काढेल तेव्हा, किंवा काही महिन्यांनी तुम्ही आधी सांगून, 'या विषयावर बोलायचंय, तू तुझा वकील घेऊन ये' असं म्हणून. त्यासाठी तयारी आजपासून करता येईल. कोणता गट वडिलोपार्जित, कोणता खरेदीचा, त्याचे सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढून ठेवा. खरेदीखत शोधून ठेवा. सातबारा आता ऑनलाइन कुणालाही बघता येतो, तेव्हा लपवण्यासारखं काही नाहीच. मग तिघांनी बसून बघा. बाग मुलाकडेच राहावी असं तिलाही वाटत असेल, तर तिच्या वाट्याची रक्कम हंगामागणिक तीन-चार वर्षांत देता येते. पगाराच्या दीड एकराचा मृत्युपत्रात वेगळा विचार करता येतो, मुलाच्या कष्टाची भरपाई त्यातून होऊ शकते. गावठाणात जागा असेल तर त्यातला एक तुकडा तिच्या नावावर होऊ शकतो. किंवा ती म्हणेल, मला काही नको, आणा कागद. तसं झालं तर त्याच दिवशी सही घेऊ नका. कागद तिच्या घरी पाठवा, तिला वाचू द्या, तिच्या वकिलाला दाखवू द्या, मग तिनं तिच्या सोयीचा दिवस सांगावा. वकील परवडत नसेल किंवा ओळखीचा नको असेल, तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे महिलांना मोफत सल्ला मिळतो. हे तिला तुम्हीच सांगा. बापानं स्वतःच्या विरुद्ध वकिलाचा पत्ता दिला, तर विश्वास बसायला मदत होईल.

तो जुना मसुदा मात्र आत्ताच फाडा. त्यावरची तारीख गेली, तपशील बदलले असतील, तसाही तो उपयोगाचा नाही. आणि चुकून तिच्या दृष्टीस पडला तर तुमच्या पत्रावरचा विश्वास उडेल.

ऑक्टोबरला फळछाटणी सुरू झाली की बागेतून कुणाची सुटका नसते, तुमचीही नसणार. त्याच्या आत पत्र टाका. बहिणींना मात्र या आठवड्यातच भेटा.